वाढत्या अंगाचा फ्रॉक

ऐका हं, गोष्ट चांगली भरदुपारची आहे. सहावीतली एक मुलगी आईनं शिवलेला पिवळा फ्रॉक पोचवायला निघाली होती. वर्गातली पोरं तिला टिंगू म्हणायची. मैत्रिणी वर्षभरात ताडमाड वाढल्या, हिचं माप मात्र दोन वर्षं जसंच्या तसं! दांडीला लटकून झालं, दोरीवरच्या उड्या झाल्या; टेप काही हलेना.

फ्रॉक चौथ्या मजल्यावरच्या बाईंच्या मुलीचा. ती आजारी, खाली उतरायची नाही. म्हणून दोन वर्षं तिचे कपडे टिंगूच्या अंगावर बेतले जायचे.

"तुझ्याच वयाची आहे गं ती," आई टाचण्या लावत म्हणायची. "हलू नकोस, टोचेल."

आपल्याच मापाची ही बया दिसते तरी कशी? टिंगूला भारी उत्सुकता.

बाईंनी तिला आत घेतलं. "बस बाळा, घालून बघते ती." फ्रॉक घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या. घरभर ओल्या खडूसारखा वास. आतून कापडाची सळसळ... मग टर्रर्र!

"आखूड होतोय." आवाज घोगरा, मोठ्या माणसासारखा.

"असा कसा?" टिंगूच्या तोंडून निसटलंच. "माझ्या मापाचा आहे की! कितवीत गं तू?"

"तुझ्याच वर्गात."

"चल, काहीतरीच! मग शाळेत कशी दिसत नाहीस?"

"उंची पुरी व्हायची होती..." कुणीतरी हसलं. "आता होत आली."

टिंगूच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण खोड जाते थोडीच! तिनं आतल्या खोलीच्या दाराच्या फटीला डोळा लावला. बाई पलंगाशी उभ्या होत्या, मान पार मागे टाकून, छताजवळच्या कुणाच्या तरी तोंडाकडे बघत.

"मी... मी जाते, काकू."

ती दाराकडे पळाली. कडी वर. टाचा उंचावल्या, उडी मारली... हात पुरेना. तेवढ्यात मागून, तिच्या डोक्यावरून, एक लांबच लांब हात आला. पिवळी बाही कोपराच्याही वर राहिलेली, काठाला आईचे टाके. हातानं अलगद कडी सरकवली.

"पुढचाही तूच घालून बघ हं..."

टिंगू मागे न बघता सुटली. बाहेर काढलेल्या चपलांत पाय सरकवले, दोन पायऱ्या उतरली आणि थबकली. टाचेमागे चांगली बोटभर जागा.

वाकून, उलटून, नीट पाहिलं तिनं. चपला तिच्याच होत्या.