दोन तास, एकाच वेळी

कार्यालयाच्या खिडकीपाशी मी भांडत होते, तेव्हा तो माझ्या मागे रांगेत उभा होता. मला ते माहीत नव्हतं. माहीत असतं तर आवाज जरा खाली ठेवला असता… बहुतेक नसताच ठेवला.

"काका, मंगळवारी अकराला हिशेबशास्त्राचा तास जुन्या इमारतीत. आणि मंगळवारी अकरालाच डेटाबेसचा तास नव्या इमारतीत. मी एकटी दोन ठिकाणी कशी बसू?"

खिडकीतल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "व्यवसाय आणि माहिती प्रणाली, दोन्ही पदव्या एकदम हव्यात असं कोण म्हणालं होतं? मी?"

"मी म्हणाले होते."

"मग पळ."

मागे कुणीतरी हसलं. मी वळले. एक लांबच लांब मुलगा, मान थोडी पुढे काढून उभा, हातातल्या छत्रीचं पाणी स्वतःच्याच बुटात गाळत होता.

"हसायला काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "माझीही हीच तक्रार आहे. तुमचं भांडून झालं की मी भांडणार होतो. पण तुम्ही इतकं छान भांडलात की… आता मी काय वेगळं बोलणार?"

असा राग आला मला. आणि असं हसूही आलं. दोन्ही एकदम येणं ही माझी जुनी खोड, म्हणून तर दोन पदव्या एकदम घेतल्या.

घरी कुणाला हे पटलेलं नव्हतं. बाबांचं चष्म्याचं दुकान. मी बारावीनंतर तिथं बसावं, लेन्सा ओळखायला शिकावं, असं त्यांचं साधं गणित होतं. "अर्धी दुकानदारी, अर्धं कॉम्प्युटर… एक ना धड, भाराभर चिंध्या," ते म्हणाले होते. मी आठवडाभर अबोला धरला तेव्हा तयार झाले, पण अटीवर. एक वर्ष जरी वाया गेलं तरी पुस्तकं मिटायची आणि गल्ल्यावर बसायचं. बाबा ओरडत नाहीत. बोललेलं मात्र फिरवत नाहीत.

त्यामुळे एकही विषय सोडून चालणार नव्हतं. बरं, अर्धा तास इथं आणि अर्धा तिथं असंही जमेना, कारण डेटाबेसचे सर ठोका पडला की वर्गाला आतून कडी लावत. त्यांना सगळे कुलूपसर म्हणायचे.

तोडगा त्यानेच काढला. "तू एका वर्गात बस, मी दुसऱ्या. नंतर मी तुला शिकवतो, तू मला शिकव." अहो-जाहो कधी गळून पडलं ते कळलंही नाही.

"आणि तू चुकीचं शिकवलंस तर?"

"तर दोघं मिळून नापास होऊ. सोबत तरी असेल."

"मेल्या, शुभ बोल."

मी हिशेबशास्त्र घेतलं, त्याने डेटाबेस. तास सुटला की दोन इमारतींना जोडणाऱ्या जिन्यावर भेटायचं, कॉफीच्या यंत्राशेजारी. ते यंत्र आधी कॉफी ओतायचं आणि मग कप सोडायचं, त्यामुळे कप आपणच घेऊन जावा लागे. त्याच्या लांब मानेवरून मी त्याला उंट म्हणायला लागले. तो मला तडतड म्हणायला लागला. मी बोलते तशी, म्हणे.

उदाहरणं मात्र सगळी माझ्या बाबांच्या दुकानातली. घसारा म्हणजे काय हे त्याच्या डोक्यात शिरेना.

"अरे, लेन्स घासायची मशीन आहे ना बाबांची. नवी होती तेव्हा तिचा काय रुबाब. आता रोज थोडी थोडी झिजते. विकायला काढली तर कुणी निम्मी किंमतही देणार नाही. ही जी दरवर्षी उतरत जाणारी किंमत, तो घसारा."

"आणि माणसाचा घसारा?"

"तुझा आतापासूनच चालू आहे. ते केस बघ."

तो केसांवरून हात फिरवायचा. मी दुसरीकडे बघायचे. आणि मग घरी जाऊन ते केस आठवत बसायचे, आता काय सांगू.

त्याचं शिकवणं वेगळं. फार हळू बोलायचा. एक वाक्य झालं की माझ्याकडे बघायचा, कळलं का म्हणून. भुवया जराशा वर. मला कळलेलं असलं तरी मी कधीकधी मान हलवत नसे… मग तो तेच पुन्हा सांगायचा, आणखी हळू, आणखी जवळ सरकून.

आई एकदा म्हणाली, "मंगळवारी बरी वेणी घालावीशी वाटते गं तुला."

"दोन तास असतात ना, आई."

"तासाला वेणी लागते होय?" एवढंच म्हणून ती कपडे वाळत घालायला गेली. आईपासून काही लपत नाही, फक्त ती दवंडी पिटत नाही.

परीक्षा झाली. पेपर सोपे गेले. आम्ही दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना होतो, योगायोगाने. आणि मग एक दिवस दोघांनाही बोलावणं आलं. कारण लिहिलेलं होतं, नक्कल.

नक्कल सिद्ध झाली तर अख्खं वर्ष रद्द. म्हणजे गल्ला. म्हणजे रोज सकाळी शटर वर, रात्री शटर खाली, आणि बाबा एक शब्दही टाकून बोलणार नाहीत, ते तर आणखी वाईट.

खोलीत कुलूपसर होते आणि हिशेबशास्त्राच्या मॅडम होत्या. टेबलावर आमच्या उत्तरपत्रिका शेजारी शेजारी मांडलेल्या. मॅडम म्हणाल्या, "घसाऱ्याला दोघांनीही चष्म्याच्या दुकानातली मशीन घेतली आहे. दोघांचीही मशीन उत्तरेच्या भिंतीला आहे. भिंतीचा घसाऱ्याशी काय संबंध?"

"ती आहेच उत्तरेच्या भिंतीला, मॅडम," मी म्हणाले. "माझ्या बाबांची आहे. मीच याला शिकवलं." आणि मग मी सगळं सांगितलं, दोन तास, कडी, जिना. कार्यालयातल्या काकांना विचारा म्हटलं.

मॅडमचा चेहरा सैल पडला. कुलूपसरांचा नाही.

"शिकवलं, मान्य," ते म्हणाले. "मग हे बघा. गिऱ्हाइकाची नोंद ठेवताना त्याची ओळख कशावरून ठरवायची? दोघांनी लिहिलंय, फोन नंबरावरून. का, तर म्हणे माणूस बदलेल, नंबर बदलणार नाही. मी वर्गात नेमकं उलट सांगितलं होतं. नंबर कधीच धरू नका. लोक नंबर बदलतात. ही मुलगी माझ्या वर्गात नव्हती, तिचं चुकलं तर समजू शकतो. पण हा पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत हजर होता. वर्गात ऐकलेला मुलगा हे लिहील कसं? याने परीक्षेत हिचं बघून लिहिलं. आणि हिने बघू दिलं."

मी उंटाकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते.

"सर, मी हजर होतो," तो म्हणाला. "पण त्या दिवशी… ऐकत नव्हतो. अर्धा तास तरी. नंतर हिला काहीतरी सांगायला हवं म्हणून तेवढं मनानेच जुळवलं. ती चूक माझी आहे. हिचा काही दोष नाही."

"ऐकत नव्हतास, मग करत काय होतास?"

"खिडकीतून समोर बघत होतो."

"समोर काय आहे? जुनी इमारत. काय बघण्यासारखं आहे तिथं?"

सर वाट बघत राहिले. बाहेर भुरभुर पावसाचा आवाज यायला लागला होता. शेवटी त्याने मान खाली घालूनच माझ्याकडे बोट केलं.

"ही."

मॅडम एकदम खोकल्या. सरांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "म्हणजे माझ्या वर्गात बसून," ते सावकाश म्हणाले, "तू यांचा वर्ग बघत होतास."

"हो सर."

"मी शिकवत असताना."

"सॉरी, सर."

त्यानंतर त्यांनी आम्हाला वेगवेगळं बसवून तोंडी विचारलं, दोन्ही विषयांतलं. मी फळ्यापाशी उभी राहिले आणि बोलायला लागले. माझ्या तोंडून त्याचीच वाक्यं येत होती, तशीच हळू, आणि प्रत्येक वाक्यानंतर मी सरांकडे भुवया वर करून बघत होते. सर म्हणाले, पुरे. त्या एका प्रश्नाला दोघांनाही शून्य. बाकी पेपर ग्राह्य. वर्ष वाचलं.

दारापर्यंत आल्यावर त्यांनी हाक मारली. "पुढच्या सत्रापासून माझा तास दुपारी असेल. दोघंही वर्गात या. आणि खिडकीपासून लांब बसा."

बाहेर जिन्यावर आल्यावर मी कॉफीच्या यंत्राला टेकून उभी राहिले. तो दोन पायऱ्या खाली उभा राहिला, तरी आमचे डोळे एकाच उंचीवर.

"चिडलीस?" त्याने विचारलं.

"माझं वर्ष जाणार होतं, उंटा. तुझ्या बघण्यापायी."

"हो." मग तो म्हणाला, "आता एकाच वर्गात बसू. म्हणजे तुला माझ्याकडून शिकायची गरज उरली नाही. मंगळवारी इथं यायचं काही… कारण नाही."

त्याच्या आवाजात असं काही होतं की माझा उरलासुरला राग कुठल्या कुठे गेला.

"ऐक," मी म्हणाले. "आमच्या दुकानात आजी, सून आणि दोन नातवंडं एकाच फोन नंबरावर चष्मे करून नेतात. लहानपणापासून बघतेय मी. तू ते फोन नंबराचं सांगितलंस ना, तेव्हाच मला कळलं होतं की हे चूक आहे."

तो बघतच राहिला. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू सांगायचा थांबला असतास."

"आणि पेपरात? तिथं तर बरोबर लिहायचं होतंस."

"लिहायला बसले तर तुझाच आवाज ऐकू यायला लागला. दुसरं काही सुचेचना." आता मी मागे फिरणार नव्हते. "मला तू आवडतोस. पुष्कळ आवडतोस. आता पुन्हा सांगायला लावू नकोस, एकदाच सांगितलंय."

"मला नीट कळलं नाही," तो हळूच म्हणाला, भुवया जराशा वर. एक पायरी चढून जवळ आला.

मी पुन्हा सांगितलं.

"चल आता," मी डोळे पुसत म्हणाले. "बाबा दुकानात वाट बघत असतील. नकलेचं त्यांना माहीत आहे, सकाळपासून जेवले नाहीत ते. वर्ष वाचलं हे त्यांना तोंडानेच सांगायचंय, आणि तू सोबत येतोयस."

"आणि मी कोण म्हणून सांगणार?"

"आधी त्यांना जेवू दे," मी म्हणाले आणि त्याचा हात धरला.