धाकटीच्या पुढ्यातला काळा पट्टा

धाकटी अडली होती. मागे घेतलं की निमूटपणे मागे यायची, पण पुढे पाठवलं की जरा चालून थबकायची आणि निरोप पाठवायची, ‘पुढे खड्डा आहे.’ नवल असं, की ती मागे सरकली की खड्डाही मागे सरकायचा आणि ती पुढे आली की तोही पुढे जायचा.

चालणारा खड्डा कुठे असतो का?

धाकटी म्हणजे एक रोव्हर (दूरवरून हुकूम घेऊन परक्या जमिनीवर फिरणारी चाकांची यंत्रगाडी). ती होती चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ. तिची हुबेहूब थोरली बहीण मात्र इथेच, लोणारच्या विवराजवळच्या एका मोठ्या शेडमध्ये राहायची. तिथला काळा खडक चंद्रावरच्या खडकाशी नातं सांगणारा, म्हणून शेड तिथे. धाकटीला काही नवं सांगायचं, तर आधी थोरलीकडून करून घ्यायचं आणि मगच वर कळवायचं, अशी तिथली रीत.

जुईचे आबा, दिगंबर वानखडे, यांनी या दोघी बहिणींना चालायला शिकवलं होतं. आबा मोठे शास्त्रज्ञ, पण बोलायला भारी लाजाळू. सुट्टीत जुई शेडमध्ये आली, की ते खिडकीशी पुस्तक वाचत असायचे आणि ती समोर येऊन उभी राहिली की म्हणायचे, “जुई, उजेड अडवू नकोस गं, बाजूला हो.”

आज मात्र आबांचं पुस्तक मिटलेलं होतं. पडद्यावर धाकटीने पाठवलेलं चित्र होतं. पांढरट मैदान आणि त्यातून सरळ पुढे गेलेला एक काळाकुट्ट पट्टा.

“आबा, ही तर तिची सावली!” जुई ओरडली.

“अगं, ते आम्हालाही कळलंय,” धाकटीला हुकूम पाठवणाऱ्या फर्जानाताई हसल्या. “चंद्राच्या ध्रुवावर सूर्य डोक्यावर येतच नाही. क्षितिजाला टेकून गोल फिरतो, म्हणून सावल्या लांबलचक. इतके दिवस ऊन कडेने येत होतं. आज ती टेकडीकडे वळली आणि सूर्य आला बरोब्बर पाठीशी.”

“मग तिला सांगा ना, ती सावली आहे म्हणून!”

“सांगते. तुझे आबा ‘हो’ म्हणू देत. काळं दिसलं की थांब, हा त्यांचाच नियम. तो काढला की ही निघाली. काय सर?”

आबांनी चष्मा पुसला. “मला खात्री नाही.”

“सर, तुमच्या खात्रीची वाट बघत बसलो, तर उद्या सूर्य कड्याआड जाईल. अंधारात बॅटरी गोठली, की धाकटी पुन्हा उठायची नाही. त्याआधी उन्हातली टेकडी गाठायलाच हवी.”

जुई आबांकडे धावली. “आबा, पाठवा ना तिला!”

“पाठवली असती गं,” आबा हळूच म्हणाले. “पण सावलीच्या आत काय आहे, ते कुणी पाहिलंय? खरा खड्डा असला तर? आपला हुकूम तिथे पोचायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तिचं उत्तर यायला पुन्हा तेवढाच. आपण ‘थांब’ म्हणेपर्यंत चाक खड्ड्यात. तिला वर काढायला तिथे कोण आहे?”

जुईने थोरलीकडे बघितलं. मग तिने विचारलं, “पण आबा, थोरलीचीसुद्धा सावली पडते. ती का नाही अडत?”

आबा चटकन उठले. त्यांनी वर छताच्या ट्यूबलाइटकडे पाहिलं, मग पांढऱ्या भिंतींकडे.

“बाहेर कडुनिंबाखाली बसून तू वाचतेस,” ते म्हणाले, “तिथे ऊन नसतं, तरी अक्षरं दिसतात. का?”

“उजेड असतो ना थोडा.”

“तो हवेने आणलेला. हवेचे कण उन्हाला चहूकडे उधळून देतात. याला प्रकाशाचं विकिरण (उजेड कणांवर आदळून सगळीकडे पसरणं) म्हणतात. म्हणून आपल्या सावल्या करड्या. चंद्रावर हवाच नाही. तिथे सावलीत उजेड पोचवणारं जवळजवळ कुणी नाही. शेजारी लख्ख ऊन, म्हणून कॅमेऱ्याला सावलीतलं काहीच दिसत नाही. आणि आम्ही शहाणे इथे दिवे लावून, पांढऱ्या भिंतींत थोरलीला चालवत बसलो!”

लगेच दिवे बंद झाले. खिडक्यांना आणि भिंतींना काळी ताडपत्री लागली. थोरलीच्या पाठीमागे जमिनीलगत एकच प्रखर दिवा ठेवला. फर्जानाताईंनी पुढच्या वाळूत कुठेतरी खड्डा करून ठेवला.

थोरली निघाली आणि धाकटीसारखीच अडली.

जुई तिच्याशेजारी उकिडवी बसली, मान वाकडी करून बघू लागली. खड्डा कुठेय? काळ्यात काळं, काही दिसेना. ती वैतागलीच. “थोरले, उजेड अडवू नकोस गं, बाजूला हो!”

बोलली आणि स्वतःच चपापली. आबांनी तिच्याकडे पाहिलं.

“पुन्हा म्हण,” ते म्हणाले.

“बाजूला हो... आबा, ती बाजूला झाली की तिची सावलीही होईल! मग मघाची जागा उन्हात येईल!”

थोरलीला कडेला सरकवलं. सावली तिच्याबरोबर निमूट सरकली आणि उघड्या वाळूत फर्जानाताईंचा खड्डा स्पष्ट दिसला.

नियम आबांनी काढला नाही, त्याला फक्त शेपूट जोडलं. काळं दिसलं की थांब. मग बाजूला हो, सोडलेली जागा बघून घे, लक्षात ठेव आणि त्याच जागेवरून तेवढंच पुढे जा. थोरलीने नागमोडी चालून दाखवल्यावर हुकूम वर गेला.

थोड्या वेळाने चित्र आलं. धाकटी कडेला सरकली होती. मघाच्या पट्ट्याच्या जागी आता सपाट, उजळ जमीन होती.

“बघा सर, उगाच घाबरलात,” फर्जानाताई म्हणाल्या.

धाकटी थोडी पुढे गेली, थांबली, पुन्हा सरकली. दुसरं चित्र आलं आणि फर्जानाताई पडद्याजवळ सरकल्या. मघाशी सावलीत असलेल्या जागी खड्डा होता. खराखुरा, चाक गिळेल एवढा.

“सर,” त्या म्हणाल्या, “यापुढे तुमच्या ‘खात्री नाही’ला मी हसणार नाही.”

“हसा की,” आबा लाजून म्हणाले. “खात्री मला अजूनही नाही.”

दुसऱ्या दिवशी, कड्याची सावली पोचायच्या आत, धाकटी टेकडीवर होती.

“आबा,” जुईने विचारलं, “जिथे कधीच ऊन पोचत नाही, अशी विवरं आहेत ना तिथे? तिथे बाजूला होऊन काय दिसणार?”

“काहीच नाही. आणि त्यांच्यातच तर बर्फ आहे.” आबांचे डोळे चमकत होते. “वजन वाढेल म्हणून धाकटीला आम्ही दिवा दिला नाही. पण तिसरी बहीण करू, तेव्हा...”

“तिचं नाव शेंडेफळ,” जुई म्हणाली, “आणि तिच्या कपाळावर दिवा.”

आबांनी कागद पुढे ओढला आणि गोल कपाळ काढायला घेतलं. जुई नीट बघता यावं म्हणून पुढे झुकली, मग आपणहून बाजूला झाली.