चौथ्या खाटेचा प्रश्न

सकाळचे ऊन प्रयोगशाळेच्या पूर्वेकडच्या धुरकट काचांवर आधी नुसते टेकले. मग परवानगी मिळाल्यासारखे आत उतरले. कठड्यावरून फरशीवर, फरशीवरून खाटेच्या पायावर, तिथून धुऊन विटलेल्या हिरव्या चादरीवर चढले. स्टीलच्या ट्रेच्या कडेला क्षणभर लखलखले आणि शेवटी चादरीबाहेर राहिलेल्या एका सुरकुतलेल्या हातावर येऊन स्थिरावले. तो हात सिलिकॉनचा होता. उन्हाला त्याचे काही नव्हते. यशोधन तायडे दाराशी उभा राहून हे पाहत होता, कारण आत जायला त्याचे पाऊल उचलत नव्हते.

उपशामक शुश्रूषा, म्हणजे बरे न होणाऱ्यांची अखेर सुसह्य करणे, हा त्याच्या पदव्युत्तर शिक्षणाचा विषय. लेखी परीक्षेत तो पहिला आला होता. मॉर्फिनच्या मात्रा त्याला तोंडपाठ होत्या. पण चौथ्या खाटेवरच्या या प्रतिरुग्णेने, मरणाऱ्या आजीसारख्या बोलणाऱ्या यंत्राने, त्याला पाच वेळा नापास केले होते. आज सहावी आणि शेवटची संधी. ती गेली की अभ्यासक्रमातून नाव कमी.

तो बसला. तिचा हात हातात घेतला. तिने डोळे उघडले.

"किती वाजले?"

यशोधनने छातीवर उलटे टांगलेले घड्याळ पाहिले. वेळ पाहावी, वेळ नोंदवावी, हे पहिल्या वर्षापासून अंगात मुरलेले. "आठ वाजून बारा मिनिटं, आजी."

रुग्णाला किती निवांत वाटते ते दाखवणारा भिंतीवरचा स्वस्थतांक चाळिसावरून एकतिसावर घसरला.

"आता किती वाजले?"

कधी आवाज न चढवणारा यशोधन उठून परीक्षक साळवे मॅडमसमोर उभा राहिला. यंत्र बिघडले आहे, असे त्याने ठामपणे सांगितले. वर्गातल्या दीक्षाला ते देवाविषयी विचारते, जोसेफला मुलीविषयी. मग त्यालाच तेवढी वेळ का विचारावी?

मॅडमनी यंत्राच्या रचनाकार मंजिरी खोत यांना बोलावून घेतले.

"तायडे म्हणजे तुम्ही," खोत म्हणाल्या. "पाच तक्रारी आल्यात तुमच्या. अक्षर सुंदर आहे." मग त्या खाटेच्या कडेला टेकल्या. "हिच्यात प्रश्न भरलेलेच नाहीत. हिच्या तळव्यात नाडीवाचक आहे. पहिल्या भेटीत ती पुटपुटत शंभर विषय चाचपते. ज्या शब्दाला तुमची नाडी दचकते, तो धरून बसते. ती धडधड शमली की स्वस्थतांक चढतो."

"खरी माणसं हेच करतात," साळवे मॅडम म्हणाल्या. "शेवटी शब्द कळेनासे होतात, हात कळतो. आपण जे टाळतो, तेच ती विचारतात. तीस वर्षं बघतेय मी." त्या त्याच्याकडे वळल्या. "यशोधन, हे तुला आधी कुणी विचारलं होतं?"

"आईनं. शेवटचे अकरा दिवस. औषधांच्या वेळा चुकू नयेत म्हणून घरीसुद्धा हे घड्याळ लावून असायचो. दर वेळी बरोबर वेळ सांगितली, मॅडम. एकदाही चिडलो नाही."

मॅडमनी फक्त हात पुढे केला. त्याने घड्याळ काढून त्यांच्या तळव्यावर ठेवले. परीक्षेची नऊ मिनिटे उरली होती.

तो पुन्हा बसला.

"किती वाजले?"

सवयीने त्याची नजर छातीवर गेली. तिथे नुसती टाचणीची दोन भोके होती. आणि त्याला आठवले, की आई विचारायची त्याच्या आधीच त्याची नजर घड्याळावर गेलेली असायची. ती पाहूनच आई विचारायची.

"तू सुटावीस, असं वाटत होतं," तो हळूच म्हणाला. आकडा एकतीसच राहिला. तिने पुन्हा तेच विचारले.

ऊन आता तिच्या हातावरून सरकून भिंतीवर गेले होते. या खेपेस त्याने आकड्याकडे पाहिले नाही. मान खाली घालून तो एकच वाक्य बोलला. त्याच्या मुठीतली तिची बोटे एकेक करून सैलावत गेली, तेव्हा कुठे आपण काय बोललो ते त्याला ऐकू आले. आई कधी मरते, याची तो वाट पाहत होता.