रिलीव्हर

चहा तिसऱ्यांदा गरम करताना कुसुमताईंनी ओळखलं, आज रिलीव्हर आला नसणार. त्यांचे यजमान दौलतराव चाकणच्या कंपनीत पत्रा दाबायची प्रेस चालवायचे. पुढच्या पाळीचा माणूस समोर उभा राहून ‘चार्ज घेतला’ म्हणेपर्यंत हा गृहस्थ मशीन सोडत नसे, मग कंपनीची बस का निघून जाईना. सगळे त्यावरून टिंगल करत. कुसुमताईही करायच्या, पण मागच्या हिवाळ्यापासून त्यांनी ते सोडून दिलं होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा दिग्विजय हिमाचलात एका वीजप्रकल्पासाठी बर्फ मोजायचा. वस्तीच्या वर, डोंगरात एकटंच घर. अंगणात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब आणि त्याच्या पायाशी लाकडी फळी. रोज सकाळी फळीवर साचलेला बर्फ मोजायचा आणि मग ती झाडून लख्ख करायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी नवा पडलेला तेवढाच मोजता येतो. आईबापांना चिखलीच्या घरात बसून हे दिसावं म्हणून त्यानं तिथं कॅमेरा लावला होता, त्यातून बोलताही यायचं. “आई, आज वीतभर पडला बघ,” असं तो म्हणायचा, आणि इकडे पंख्याखाली बसलेल्या कुसुमताई पदर अंगाभोवती लपेटून घ्यायच्या.

मागच्या वर्षी रस्ता बंद व्हायच्या आत त्याचा बदली माणूस यायचा होता. तो आलाच नाही. “आबा, निघू का खाली?” दिगूनं विचारलं होतं.

“रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडायची न्हाई, पोरा,” दौलतराव म्हणाले होते.

पोरगं बापाचं ऐकणारं. थांबलं. मग एका सकाळी वरच्या उतारावरचा सगळा बर्फ सुटला आणि घरावर आला. दिगू सापडला तेव्हा फळी झाडायचा झाडू त्याच्या मुठीत होता म्हणे.

प्रकल्पानं ते घर बंद केलं. कॅमेरा काढायला मात्र कुणी गेलं नाही, सोलरवर तो आपला चालत राहिला. यंदा बर्फ सुरू झाला तसे दौलतराव रात्रपाळीवरून आले की आधी फोन उघडून बसायला लागले. कुसुमताईंना त्या पडद्याकडे बघवत नसे.

दार वाजलं. दौलतराव आत आले, बूट कसेबसे पलंगाखाली सारले आणि आडवे झाले. डोळे लाल, चेहरा ओढलेला. त्यांनी फोन पुढे केला.

“कुसुम, फळी बघ.”

“काय बघायचं राहिलंय आता तिथं?”

“बघ तरी.”

अंगण, कुंपण, पायऱ्या, सगळं बुजलं होतं. कमरेएवढ्या बर्फात खांबापाशी मात्र एक चौकोनी खड्डा होता आणि त्याच्या तळाशी फळी होती. कोरडी, लख्ख. आसपास पावलाचा एक ठसा नव्हता.

“वाऱ्यानं उडाला असंल.”

“रोज?” दौलतराव हळूच म्हणाले. “तुला सांगितलं न्हाई मी... रोज झाडलेली असती. तो थांबलाय, कुसुम. मी थांब म्हणलो म्हणून अजून थांबलाय.”

माझ्या लेकराला यानं तिथं थांबवलं, हा राग कुसुमताईंनी वर्षभर गिळला होता. आज त्या दमलेल्या तोंडाकडे बघून त्यांना त्या माणसाची कीव आली. “झोपा जरा,” म्हणून त्या भाकरी टाकायला आत गेल्या.

खोलीतून दौलतरावांचा आवाज आला. दबका, समजुतीचा.

“दिगू... ऐक. मी चार्ज घेतला. तू घरी जा.”

फोनमधून झाडूचा आवाज आला. खर्र... खर्र... आणि थांबला.

तव्यावरची भाकरी तशीच सोडून कुसुमताई धावल्या. पलंगावर पांघरूण तसंच होतं, आत कुणी नव्हतं. बूट पलंगाखालीच होते. बाहेर जायला वाट स्वयंपाकघरावरून, आणि तिथून कुणी गेलेलं नव्हतं. खोलीत ओल्या लोकरीचा वास भरला होता.

उशीवर फोन उजळला होता. बर्फात एक माणूस उभा होता, अंगात कंपनीचा निळा शर्ट. दौलतराव पाळी संपताना प्रेस पुसायचे, आधी कोपरे आणि मग मधला भाग. तो फळी तशीच झाडत होता. झाडून झाल्यावर त्यानं कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि बुजलेल्या रस्त्याकडे बघत उभा राहिला.

तेवढ्यात दारावर थाप पडली. अगदी हळू.

“आई... उघड गं.”

दाराशी पोचेतो कुसुमताईंना रडू फुटलं. तोच आवाज होता. दाराच्या फटीतून गार पाणी आत येत होतं, आणि त्यांचे पाय त्यानं बधिर झाले.

“लई दमलोय, आई. जरा पाठ टेकू दे... मग जातो परत. आबांना सोडवायला मलाच जायला लागंल.”

कुसुमताईंनी कडीला हात घातला. कडीवर बर्फ होता.