फळीच्या आतला माणूस

धाकट्याला मुलगी झाली त्या वर्षी बाबांना झटका आला. एकाच आठवड्यात घरात पाळणा हलला आणि बाबांनी अंथरूण धरलं. थोरली बहीण दोन्हीकडं धावत होती, आणि उरलेल्या वेळात गुत्ता सांभाळत होती.

गुत्ता गल्लीच्या कोपऱ्यावर, बुटक्या छताचा. तळघरात पिंपं, वरच्या मजल्यावर बिऱ्हाड. काउंटरची कड गिऱ्हाइकांच्या कोपरांनी घासून गुळगुळीत झालेली. त्याच्या एका टोकाला उचलायची फळी होती; ती उचलून मालकानं आत जायचं. आत मागच्या बाजूला एक खोली, तिला दुसरं दार नव्हतं. बाबांची खाट तिथंच होती.

पहिला मालक खाणीत दगड फोडणारा. त्याच्यानंतर त्याचा जावई आला, मग जावयाचा मुलगा, म्हणजे बाबा. तिघेही डावा पाय ओढत चालायचे. त्यात नवल काही नव्हतं. फळीच्या आतली जमीन मोरीकडं उतरती होती. जन्मभर उतारावर उभं राहिल्यावर कंबर धड राहील कशी?

पहिल्या मालकानं एक रीत घालून दिली होती. जुन्या मालकानं फळीतून आपल्या पायांनी बाहेर यायचं, कडेच्या स्टुलावर बसायचं. नव्यानं आतून पेला भरून द्यायचा. जुन्यानं तो संपवून म्हणायचं, "मोकळा झालो." मग त्यानं पुन्हा आत पाऊल टाकायचं नाही. मोकळे झालेले मालक पुढं फार दिवस काढत नसत. पण ते म्हातारेच होते.

थोरली नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हापासून गुत्ता तिच्याच हातांवर चालत होता. पिंपं ती चढवायची, पेले ती घासायची, भांडणं ती सोडवायची. फक्त आत उभं राहून पेला भरायला तिला मज्जाव होता.

"बाईच्या हातची चढत नाही," सुतार म्हणायचा.

"तुला पाणीसुद्धा चढतं, मेल्या," ती म्हणायची. लोक हसायचे. बाबाही हसायचे; पण गुत्ता चालू असताना फळी त्यांनी तिच्यासाठी कधी उचलली नाही. गुत्ता धाकट्याचा, हे तो पाळण्यात होता तेव्हाच ठरलं होतं.

बाबांना झटका आल्यावर धाकट्याला घाई झाली. दुपारी, गुत्ता उघडायच्या आधी, तो पेला भरून थेट खाटेपाशी गेला.

"अरे, त्यांना बाहेर घे," थोरली म्हणाली. "दोघं मिळून उचलू."

"ताई, लाकडासारखे झालेत ते. आत काय, बाहेर काय, फरक काय पडतो?"

बाबांची वाचा गेली होती, पण एक हात चालत होता. तो हात फळीकडं दाखवत राहिला. धाकट्यानं तो खाली दाबला आणि पेला ओठांना लावला. दारू उशीवर सांडली. "मोकळे झाले," धाकटाच म्हणाला.

थोरली दारात उभी होती. तिला दोन शब्द बोलता आले असते. पण मनात आलं, ज्याचा गुत्ता त्यानं निस्तरावं. ती पेले घासायला गेली.

त्याच आठवड्यात बाबा गेले. फळीतून त्यांना चौघांनी बाहेर काढलं.

धाकट्यानं मालक झाल्या झाल्या आतली जमीन खणून सपाट केली. "आपण नाही बुवा लंगडणार," तो म्हणाला. जमीन इतकी सपाट झाली की गोटी ठेवली तर जागची हलत नव्हती.

महिनाभरात तो डावा पाय ओढायला लागला.

पायरी चुकली असेल, थोरलीला वाटलं. मग त्याला बाबांसारखा सुका, अर्ध्यात तुटणारा खोकला लागला. मग पेला देण्याआधी काउंटरवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायची बाबांची लकब आली. मुलगा बापावरच जाणार, लोक म्हणाले. तिलाही ते पटलं.

पण एकदा सुतारानं आपल्या मेलेल्या भावाची गोष्ट काढली. धाकटा मान वर न करता म्हणाला, "त्याला मीच घरी पोचवला होता. पाऊस होता. एक चप्पल त्यानं गटारात घालवली." सुतार त्याच्याकडं बघत राहिला. ते धाकट्याच्या जन्माआधीचं होतं.

वरच्या मजल्यावर तो कमी येऊ लागला. पोर त्याला पाहून रडायची. वहिनी, धाकट्याची बायको, म्हणाली, "ताई, हे झोपेत एक हात उचलतात. कुठंतरी दाखवत राहतात."

कुठं, ते थोरलीला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खाली आली. धाकटा आत उभा होता, एक खांदा पडलेला, चेहऱ्याची एक बाजू लोंबलेली.

"बाहेर ये," ती म्हणाली. "स्टुलावर बस."

"आणि गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाईक मी बघते. ये, बाळा."

लहानपणानंतर तिनं त्याला अशी हाक मारली नव्हती. तो आला. पाय ओढत आला, पण आला. तिनं फळी उचलली आणि आत गेली. आतली हवा गार होती, आणि ओल्या उशीसारखा वास येत होता. तिनं पेला भरला. त्यानं तो एका दमात संपवला.

"मोकळा झालो," तो म्हणाला. आवाज त्याचा स्वतःचा होता.

तो उठला आणि सरळ चालत जिन्याकडं गेला. वरून त्याचं हसणं ऐकू आलं, पोरीचंही. थोरलीनं डोळे पुसले. एक तरी वाचला.

मग तिच्या ध्यानात आलं. पेला देताना तिनं काउंटरवर दोनदा टकटक केली होती.

बाहेर आलेला धाकटा होता. बाबा आलेच नव्हते.

संध्याकाळी गुत्ता भरला. ती छाती काढून उभी राहिली. आता काय बोलतात बघू, मनाशी म्हणाली.

सुतारानं काउंटरवर कोपरं टेकली.

"मालक, नेहमीची," सुतार म्हणाला. त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं, अगदी नीट बघितलं. "खोकला कमी आहे आज."

तिनं पेला भरला. त्यानं घोट घेतला, मान डोलावली.

"मालक, ताई दिसत नाहीत कुठं?"

मी इथंच आहे, असं तिला म्हणायचं होतं.

"गेली सासरी," तिच्या तोंडून आलं. "बरं झालं. बाईमाणसाचं इथं काय काम?"

सुतार हसला. सगळेच हसले.

बाबा वारले पोरगी जन्मली त्या वर्षी. धाकटा वारला ती पहिलं पाऊल टाकायला लागली त्या आठवड्यात, झोपेत, दोन्ही हात अंगाशी घेऊन. थोरली अजून हयात आहे, असं वहिनी सांगते. गुत्ता रोज उघडतो. तिला तिथं कुणी पाहिलेलं नाही.