बोटावर बोट

पिस्तूल शिकवणाऱ्यांना शिकवायचं काम उस्तादांकडे होतं, आणि जुन्या काळच्या सासूने सून नांदवावी तितक्याच मायेने ते त्यांनी चालवलं होतं. कित्येक तुकड्या आल्या नि गेल्या, पण शिक्षक म्हणून एकही माणूस पास झाला नाही. या तुकडीतही मास्तर एकटाच तग धरून होता. कपातली साखर कशी ढवळावी हेही तो समजावून सांगायचा, म्हणून बरोबरच्यांनी त्याला मास्तर केलं होतं. पास झाला तर घराजवळच्या केंद्रात नेमणूक मिळणार होती. नापास झाला तर पुन्हा सरहद्दीवरची चौकी, आणि लेक फोनवरच मोठी होताना बघायची.

शेवटच्या परीक्षेची तिथली एक रीत होती. उस्ताद स्वतः अडाणी शिकाऊ व्हायचे, मुद्दाम चुका करायचे, आणि उमेदवाराने त्या सुधारायच्या.

"तुझ्या हाताखाली पोरं चमचा धरायला शिकतील, पिस्तूल नाही," उस्ताद म्हणाले. मग कानांवर आवरण चढवता चढवता, "नापास हो. सुखी होशील."

मास्तरच्या अंगाचा तिळपापड झाला.

लांबट, बिनखिडक्यांच्या त्या दालनात दोघंच होते. बंदुकीच्या जळक्या दारूचा वास भिंतींत मुरला होता. उस्तादांनी गोळी झाडली, आणि झाडण्याच्या क्षणी मनगट खाली झुकवलं. नवशिक्यांची ही जुनीच खोड, आवाजाची धास्ती. तिच्यावरचा उपायही ठरलेला. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या बोटावर आपलं बोट ठेवायचं आणि चाप हळूहळू आपणच दाबायचा. गोळी कधी सुटणार हे शिकणाऱ्याला कळतच नाही, मग दचकणार कधी?

मास्तर त्यांच्या उजव्या खांद्यामागे उभा राहिला. "तुम्ही फक्त नेम धरा. चाप माझ्याकडे."

त्याने बोट ठेवलं. ते उस्तादांच्या बोटाला टेकलंच नाही. मध्ये काहीतरी होतं. मऊ, गार, बोटाएवढंच जाड.

त्याने खाली पाहिलं. त्याचं बोट दिसत होतं, उस्तादांचं दिसत होतं, आणि दोन्हींच्या मध्ये रिकामी फट होती.

"बोट काढ!" उस्ताद ओरडले. हे परीक्षेतलं नाटक नव्हतं. त्यांची मान घामाने निथळत होती. "अरे, सगळ्यांना नापास केलं ते काय हौस म्हणून?"

मास्तर घाबरला, चांगलाच घाबरला. पण बोट काढलं की परीक्षा संपली, आणि लेक लांबच राहिली.

त्याने बोट तसंच ठेवलं.

मधलं ते गार काहीतरी दाबू लागलं. संथ. सरळ मागे. जराही झटका नाही. इतकं सुरेख त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

गोळी सुटली. टारगेटच्या ऐन मध्यावर लागली.

फट मिटली.

उस्तादांनी पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं. उजवी मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पास," ते म्हणाले, आणि त्याच्याकडे न बघताच निघून गेले.

घराच्या फाटकाशी लेक धावत आली आणि तिने बाबाचं बोट घट्ट धरलं. दोघं पायरीपर्यंत पोचतात न पोचतात तोच तिने हात सोडवून घेतला.

"बाबा," ती कुरकुरली, "दोघं दोघं नका ना दाबू."