निळी सूटकेस जड कशी झाली?

"अय्यय्यो! वजन वाढलं!" वादिराज ओरडला.

भाताच्या मंडीतल्या मोठ्या काट्यावर एका पारड्यात वीस किलोची वजनं होती आणि दुसऱ्यात निळी सूटकेस. काल दोन्ही पारडी अगदी बरोबरीला आली होती. आज मात्र सूटकेसचं पारडं धाडकन जमिनीला टेकलं!

"काटाच खोटा असेल," त्याची धाकटी बहीण चंद्रमती म्हणाली.

"हळू बोल की! मंडीवाल्यांनी ऐकलं तर उद्या तुलाच तोलून विकतील!"

त्यांची चुलत बहीण सरोजा सायकल धरून उभी होती. खरं तर सूटकेस तिचीच. तिचे बाबा लंडनला डॉक्टर होते आणि उद्या मद्रासला जाऊन ती विमानाने त्यांच्याकडे निघणार होती. पण माघात आई गेली आणि तेव्हापासून सरोजाला कशाचं काही वाटेनासंच झालं होतं. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. लंडन म्हटलं काय आणि शेजारचं ओरत्तनाडु गाव म्हटलं काय, तिला सारखंच!

सायकलवर सूटकेस लादून तिघं तंजावरच्या रणरणत्या उन्हातून घरी आली. ओसरीवर वादिराजचे वडील हनुमंतराव पंख्याने वारा घेत बसले होते.

"वाढलं? वाटलंच मला!" ते म्हणाले. "विमान म्हणजे काय आपली तिरुवैयारूची बस आहे, टपावर टाकायला? वीस किलो म्हणजे वीस किलो! तो लोखंडी तवा काढा बघू आधी. लंडनला कुणी दोसे घालतं का?"

तवा निघाला. काळाभोर, जाडजूड, सरोजाच्या आईचा. आई गेल्यापासून कुणी चुलीवर ठेवलाच नव्हता तो.

"काढू ना ग?" हनुमंतरावांनी विचारलं.

"बरं," सरोजा म्हणाली आणि परसात निघून गेली.

वादिराज आणि चंद्रमती तिच्या मागोमाग धावली. विहिरीच्या काठावर ती नुसती बसून होती.

"खरं सांग, तुला तवा हवाय ना?" वादिराजने विचारलं.

"हवाय." तिचा आवाज अगदी सपाट होता. "तो इथेच राहिला, तर आईचं माझ्याजवळ काय उरलं? पण भांडायला जोरच येत नाही रे."

चंद्रमतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वादिराज मात्र चिडला! "थांब! काल वजन बरोबर होतं आणि आपण त्यात सुतळीचा तोडासुद्धा घातला नाही. मग वाढलं कसं? कुणीतरी आत काहीतरी कोंबतंय!"

"पण कोण?"

"तेच तर शोधायचंय! कड्यांना हळद लावून ठेवू. हात लावील त्याची बोटं पिवळी!"

"शहाणाच आहेस! आईचे हात नेहमीच पिवळे असतात," चंद्रमती म्हणाली. मग तिने टाळी वाजवली. "नीळ! कपड्यांची नीळ लावू! निळ्या सूटकेसवर दिसणारसुद्धा नाही!"

"वा रे पठ्ठी!"

त्यांनी तवा पुन्हा आत ठेवला, कड्यांवर निळीची पूड भुरभुरली आणि घरभर ऐकू जाईल असा ओरडा केला, "आम्ही मोठ्या देवळात जातोय! संध्याकाळपर्यंत येणार नाही!" देवळाच्या आवारात तिघं मोठ्या दगडी नंदीसमोर बसली. वादिराजने नंदीच्या पाठीवर मावणाऱ्या माणसांचा हिशोब काढून पाहिला, तरी सरोजा हसली नाही.

परत आली तेव्हा कॉफीची वेळ झाली होती. वादिराजची आई, ताराबाई काकी, पितळी पेल्यांतून कॉफी फेसाळत होत्या. हनुमंतराव पेला घ्यायला पुढे झाले. भाचीला निरोप द्यायला कालच कुंभकोणहून आलेल्या सरोजाच्या मामांनी, तुळजाजींनीही, हात पुढे केला.

आणि चंद्रमती फिसकन हसली.

हनुमंतरावांची बोटं निळी! तुळजाजीमामांची बोटं निळी! आणि कॉफी देणाऱ्या काकींचीही निळी!

"अप्पा, हाताला काय लागलंय?" वादिराजने अगदी भोळा चेहरा करून विचारलं.

"हे? हे... दौतीतली शाई."

"मामांनीही लिहिलं वाटतं! आणि आईनेही?"

तिघा मोठ्यांनी एकमेकांच्या बोटांकडे पाहिलं. मग सूटकेसकडे पाहिलं. घामाने नीळ आणखीच पसरली होती, काकींच्या कपाळावरही एक पट्टा उमटला होता!

वादिराजने सूटकेस उघडली. परकराच्या घडीतून केळीच्या सुक्या पानाचा एक गोळा निघाला. बुटांच्या मागून फडक्यातला दुसरा. पार तळातून, वर्तमानपत्रात बांधलेला, सगळ्यांत मोठा तिसरा.

तिन्हींत चिंच!

"लंडनला चिंच मिळत नाही म्हणे," काकी पुटपुटल्या. "पोरीने सांबार कसं करायचं? रिकाम्या हाताने लेक पाठवायची का?"

"मीही तेच म्हटलं," मामा म्हणाले. "आमच्या झाडाची आहे. काल थोडी, आज थोडी..."

"आणि अप्पा, तो मोठा गोळा?"

"तो... माझा," हनुमंतराव खाकरले.

"म्हणजे चिंच तुम्ही घालायची आणि तवा हिचा काढायचा!" चंद्रमती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून!"

"चंद्रमती!" काकी ओरडल्या. पण हनुमंतरावांनी हात वर केला. त्यांचा चेहरा पडला होता.

"बरोबर बोलतेय पोर. तो तवा वहिनींचा, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. चुकलं माझं."

मग मुलांनी सूटकेस नव्याने भरली, मोठ्यांना जवळ फिरकूही न देता! चंद्रमतीने मोजे बुटांत कोंबले आणि परकर घड्या न घालता गुंडाळले. तवा जुन्या धोतरात बांधून तळाशी बसवला. लोकरीचा जाड कोट सरोजाने अंगावर घालून जायचा, असं वादिराजने ठरवलं.

"या उकाड्यात?" मामा हबकले.

"सूटकेसला तोलतात मामा, माणसाला नाही!"

कोटाच्या जागी लिंबाएवढी चिंचही बसली, तिघांच्याही गोळ्यांतली. मंडीत या वेळी हनुमंतराव स्वतः आले. दोन्ही पारडी समोरासमोर आली आणि त्यांनी दोन्ही पोरांच्या पाठीवर थापा मारल्या.

"शाबास रे! कचेरीत बसायला तुम्हीच हवीत. आम्ही मोठी माणसं नुसती चिंच चोरून भरणारी!"

सरोजाने मान हलवली. तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं.

घरी आल्यावर काकींनी तवा बाहेर काढला. "पडून पडून गंज धरलाय ग. घासून, एक दोसा घालून मगच बांधू."

चूल पेटली, तवा तापला आणि काकींनी पिठाची पळी उचलली.

"थांबा काकी!" सरोजा ओरडली. सगळे चमकून वळले. "असं नाही! आधी कांदा फिरवायचा! नाहीतर चिकटतो! आई नेहमी..."

तिने अर्धा कांदा तिळाच्या तेलात बुडवून तव्यावर गोल फिरवला. चर्र आवाज झाला आणि खमंग वास घरभर दरवळला. पहिला दोसा कडेपासून अलगद सुटला. तिने तो चुलीपाशीच उभ्याने खाल्ला. गालांवरून पाणी ओघळत होतं, नाक वाहत होतं, आणि ते पुसायचं तिला भानच नव्हतं.

"अजून एक घाला काकी," ती हुंदके देत म्हणाली. "मला भूक लागलीय."